फोल्डरची किंमत

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डिस्प्लेला कुणी डिस्प्ले म्हणत नाही. वरची काच, तिच्या पाठीला चिकटलेला टच आणि त्याखालचं, चित्र उमटवणारं पॅनेल हे सगळं एकजीव करून जो सुटा भाग येतो, त्याला तिथे ‘फोल्डर’ म्हणतात. काउंटरवर फोन ठेवला की पहिला प्रश्न येतो, ‘नुसती काच गेलीय की फोल्डर?’ आणि लगेच दुसरा, ‘ओरिजिनल टाकू की कॉपी?’ मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तपकीर गल्ली असो, नाहीतर तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरची टपरी असो, फोनचं पुढे काय होणार हे या दोन प्रश्नांवर ठरतं. फोन दुरुस्त होईल का, याची चिंता तिथे फारशी नसते. बहुतेक फोन होतात. परवडेल का, एवढंच बघायचं असतं.

‘दुरुस्तीचा हक्क’, म्हणजे विकत घेतलेली वस्तू स्वतः किंवा हव्या त्या कारागिराकडून दुरुस्त करता येण्याचा हक्क, हा विषय गेल्या काही वर्षांत कायदेमंडळांपर्यंत पोचला आहे. युरोपात नियम झाले, अमेरिकेतल्या काही राज्यांनी कायदे केले, भारतात समित्या बसल्या. हे सगळं हवंच होतं. पण या नियमांत सुट्या भागाच्या किमतीला जी जागा मिळायला हवी ती मिळालेली नाही, आणि किंमत बाजूला ठेवली तर बाकीचे नियम गिऱ्हाइकाच्या फारसे कामाला येत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पटायला आधी फोन उघडून बघावा लागतो.

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण फोन कितीही जपला तरी झिजणारच असा भाग तोच. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत तासन् तास पडून राहणं. दोन्ही एकत्र आल्या की झीज झपाट्याने होते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा सुरू ठेवून, चार्जरला लावलेला फोन नेमका याच अवस्थेत असतो. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येईल अशी बनवलेली आहे, आयफोन १५ पासून हा आकडा १००० झाला. एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो नाहीतर दोन. रोज एक सायकल धरली तर ५०० सायकली दीड वर्षाच्या आतच संपतात. फोनचा प्रोसेसर, कॅमेरा, मेमरी यांना तोवर काहीही झालेलं नसतं.

बॅटरी थकली की नुसती लवकर संपत नाही, तिचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळा, वाढतो. थंडीत किंवा कॅमेरा उघडताना अचानक जास्त प्रवाह लागला की व्होल्टेज कोसळतं आणि वीस-तीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो. हे टाळण्यासाठी अ‍ॅपलने जुन्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केला होता आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते कबूल केलं. फ्रान्समध्ये २०२० साली त्यासाठी अडीच कोटी युरोंचा दंड झाला. तांत्रिक उपाय म्हणून तो चुकीचा नव्हता. सांगितलं नाही, हा खरा गुन्हा होता. लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, आणि त्यांनी नवा घेतला. बॅटरी बदलून काम भागलं असतं.

आता ती बदलायची कशी ते बघू. चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणायचा, म्हणजे चुकून सेलला इजा झालीच तर आत ऊर्जा कमी असते. फोन बंद करायचा, सिमचा ट्रे आधी काढायचा. तो विसरला तर आत अडकून वाकतो. मागचं झाकण गोंदाने चिकटवलेलं असतं. कडा साधारण ८० अंशांपर्यंत तापवायच्या, एक-दोन मिनिटं, मग रबरी कप लावून फट पाडायची आणि गिटारच्या पत्रीसारखा पातळ प्लास्टिकचा तुकडा कडेने फिरवायचा. तो दोन-तीन मिलिमीटरच्या आतच ठेवायचा. बोटाच्या ठशाचा सेन्सर किंवा बटणांची स्ट्रिप (चपटी वायर) कुठल्या बाजूला आहे हे त्या मॉडेलचं मार्गदर्शन वाचून आधीच माहीत हवं, नाहीतर पत्री तिलाच कापते. दुकानात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दुसरं नुकसान हॉट एअर, म्हणजे गरम हवेचा झोत, एका जागी धरल्याने होतं. ओएलईडी (स्वतःच उजळणाऱ्या ठिपक्यांच्या) पॅनेलवर डाग उमटतो आणि तो जात नाही.

झाकण निघालं की स्क्रू. प्रत्येक स्क्रू कागदावर, फोनमध्ये तो जिथे होता त्या जागी ठेवायचा. दिसायला सारखे असणारे दोन स्क्रू लांबीने वेगळे असतात, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो खालच्या बोर्डचे, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किटच्या पाटीचे, थर चिरत जातो. आयफोनमध्ये हा प्रकार कारागिरांच्या इतका परिचयाचा आहे की बोर्ड बघताच ते ओळखतात. त्यानंतर इतर कशालाही हात लावण्याआधी बॅटरीचं कनेक्टर प्लास्टिकच्या अवजाराने सोडवायचं. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेचं कनेक्टर काढलं तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो.

बॅटरीखाली ओढून काढायच्या चिकटपट्ट्या असतील तर त्या हळू, जवळजवळ आडव्या रेषेत ओढायच्या. तुटल्या, किंवा मुळात गोंदच असला, तर कडेने ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक-दोन मिलिलिटर सोडायचं, फोन तिरपा धरायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि प्लास्टिकचं कार्ड आत सरकवायचं. धातूचं काहीही नको. बॅटरी वाकवायचीही नाही. आतले थर दुमडले की धन आणि ऋण पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि सेल पेटतो. बॅटरी आधीच फुगलेली असेल तर उष्णता पूर्ण वर्ज्य. नव्या माणसाने अशा फोनला हात लावूच नये. अनुभवी कारागीरसुद्धा वाळूची बादली जवळ ठेवूनच तो उघडतो, निदान तसं करायला हवं.

नवी बॅटरी चिकटवण्याआधी नुसती जोडून फोन सुरू करून बघायचा, चार्जिंग होतंय याची खात्री करायची, मग पुन्हा बंद करून चिकटवायची. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मग सगळा गोंद पुन्हा काढावा लागतो. झाकणासाठी त्या मॉडेलची कापलेली चिकटपट्टी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर बी-७००० गोंद, पातळ रेघ, क्लिप लावून निदान चोवीस तास. कारखान्यातला पाणीरोधकपणा आता गेला असं धरून चालायचं. दुकानदाराने उलट सांगितलं तरी. पहिल्यांदा शंभर टक्के चार्ज करून आणखी निदान दोन तास चार्जरलाच ठेवायचा, मग बंद पडेपर्यंत वापरून पुन्हा सलग पूर्ण चार्ज करायचा, म्हणजे टक्केवारी दाखवणारा चिप नव्या बॅटरीशी जुळतो.

नव्या बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, आयएस १६०४६ हा आकडा आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. उत्पादनाची तारीख बघावी. गोदामात तीन वर्षं पडलेली बॅटरी ‘नवी’ नसते. आणि मूळ बॅटरी ४००० एमएएचची असताना त्याच लांबी-रुंदी-जाडीत कुणी ६००० देत असेल तर लेबल खोटं आहे. तेवढ्या जागेत दीडपट ऊर्जा बसत नाही.

एवढं वाचून कुणालाही वाटेल, एक झिजणारा भाग बदलायला हा खटाटोप कशासाठी? कंपन्या सांगतात, पाणी आत जाऊ नये म्हणून. २०१४ सालचा सॅमसंग गॅलेक्सी एस ५ आठवावा. मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हातात यायची, आणि तरी तो फोन आयपी ६७ दर्जाचा होता, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुढच्याच वर्षी एस ६ आला तो काचेने बंद होऊन. जागेचा मुद्दा मात्र खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. हाताने काढायच्या बॅटरीला कडक कवच लागतं आणि तेवढी क्षमता कमी होते. मला तो सौदा मान्य आहे. पण गिऱ्हाइकाला दोन्ही पर्याय समोर मिळून त्याने निवड केली, असं कधी झालंच नाही.

गोंदाला उत्तर शोधता येतं, हेही सिद्ध झालं आहे. २०२४ च्या आयफोन १६ मध्ये असा चिकट थर आला की त्यातून नऊ व्होल्टची साधी बॅटरी वापरून प्रवाह सोडला की दीडेक मिनिटात तो पकड सोडतो. उष्णता नको, अल्कोहोल नको. हा शोध आपोआप लागलेला नाही. युरोपचा बॅटरी नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून सांगतो की छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला साध्या अवजारांनी, उष्णता किंवा द्रावक न वापरता काढता आली पाहिजे. फोनसाठीचा वेगळा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. त्यात ८०० सायकलींनंतर बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आले पाहिजेत, असं आहे. एक पळवाटही आहे. ५०० सायकलींनंतर ८३ टक्के, १००० नंतर ८० टक्के आणि पाण्यात टिकण्याचा दर्जा दाखवला, तर बॅटरी घरी बदलता येण्याची अट सुटते. महागडे फोन याच दाराने बाहेर पडतील, असं मला वाटतं.

गोंदापेक्षा जास्त चीड आणणारी गोष्ट सॉफ्टवेअरची आहे. कित्येक वर्षं एका आयफोनची अस्सल स्क्रीन दुसऱ्या तशाच आयफोनला लावली तरी फोन ती ओळखत नव्हता, कारण भागाचा क्रमांक बोर्डशी बांधलेला असतो. २०२१ मध्ये आयफोन १३ बाजारात आला तेव्हा बाहेर स्क्रीन बदलली की चेहरा ओळखणं बंद पडत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या स्क्रीनवरचा चिप उपटून नव्या स्क्रीनवर लावला तरच ते चालायचं. आयफिक्सिटसारखी मोफत दुरुस्ती-मार्गदर्शन लिहिणारी मंडळी आणि जगभरचे छोटे कारागीर यांनी हे इंटरनेटवर पुराव्यानिशी मांडलं, ओरड झाली, आणि अ‍ॅपलने सॉफ्टवेअर अपडेटमधून ते बदललं. वरच्या सगळ्या पायऱ्या सामान्य माणसाला ठाऊक होतात त्याही अशाच अनोळखी लोकांच्या लिहिण्यामुळे, व्हिडिओंमुळे. कंपन्यांनी हे ज्ञान स्वतःहून क्वचितच दिलं. पुढे मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने भाग अशा रीतीने बांधून दुरुस्ती अडवायला बंदी घातली. १ जानेवारी २०२५ नंतर बनलेल्या उपकरणांना ती लागू आहे. आजवर वाचलेल्या दुरुस्ती-कायद्यांत हे कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता भारत. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिच्याकडे दिली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून पोर्टल सुरू झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिने ‘दुरुस्ती निर्देशांका’चा अहवाल दिला. मोबाइल आणि टॅबलेटच्या खोक्यावर क्यूआर कोड, दुकानात आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर हा निर्देशांक दिसावा, अशी शिफारस आहे. तो सहा गोष्टींवरून काढायचा: भाग किती पायऱ्यांत सुटतो, दुरुस्तीची माहिती, सुटे भाग वेळेत मिळणं, सॉफ्टवेअर अपडेट, अवजारं आणि स्क्रूसारखे जोड.

या यादीत किंमत नाही. युरोपात दुरुस्तीचा दर्जा एका अक्षरात दाखवणारं लेबल फोनसोबत असतं, त्यासाठीही याच सहा गोष्टी मोजल्या जातात आणि तिथेही किंमत नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून दहापैकी गुण देणारा जो निर्देशांक आणला, त्याच्या पाच निकषांत सुट्या भागाच्या किमतीला स्वतंत्र जागा होती. म्हणजे किंमत मोजता येते, ती मोजून झालेली आहे. युरोपने २०२४ च्या वेगळ्या निर्देशात भागांची किंमत वाजवी असावी, दुरुस्तीपासून माणसाला मागे ओढणारी नसावी असं म्हटलं आहे. पण दुकानात फोन निवडताना जे एक अक्षर डोळ्यांसमोर असतं, त्यात तिचा हिशेब येत नाही.

भारतात हे जास्त लागतं, कारण आपल्याकडे फोन स्वस्त आणि फोल्डर त्या मानाने महाग. पंधरा हजारांच्या फोनमध्ये आता एमोलेड (ओएलईडीचाच एक प्रकार) पॅनेल असतं, आणि बऱ्याचदा ते फ्रेमसकटच विकलं जातं. ओरिजिनल फोल्डर आणि मजुरी मिळून त्या फोनच्या आजच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्यावर गेली की माणूस नव्या फोनच्या हप्त्यांची चौकशी करू लागतो. असा फोन दहा मिनिटांत सुटा होतो, स्क्रू साधे आहेत, भाग तीन दिवसांत मिळतो. निर्देशांकात त्याला उत्तम गुण पडतील, आणि तरी तो ड्रॉवरमध्ये जाईल.

या निर्देशांकाला आपल्या कारागिरांचं कौशल्यही दिसत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काच तडकली तर अख्खा फोल्डर बदलतात. गल्लीतला माणूस नुसती काच बदलतो. तापवलेल्या पाटावर पॅनेल व्हॅक्यूमने धरायचं, केसाहून बारीक तार काच आणि पॅनेल यांच्यामधून ओढत न्यायची, जुना गोंद पुसून काढायचा, ओसीए नावाचा पारदर्शक चिकट कागद बसवायचा, लॅमिनेटरमध्ये नवी काच दाबायची आणि शेवटी दाबाच्या भांड्यात ठेवून बुडबुडे घालवायचे. तार किंचित वर-खाली झाली की पॅनेलवर रेघ पडते आणि नुकसान कारागिराच्या खिशातून जातं. कडेला वळलेल्या काचेत हा धोका आणखी वाढतो. तीच गोष्ट चार्जिंगची. सर्व्हिस सेंटर बोर्ड बदलायला सांगतं, तिथे हा माणूस सर्किटचा नकाशा बघून एक आयसी (बोर्डवरचा छोटा चिप) बदलतो किंवा जंपर मारतो, म्हणजे तुटलेली वाट बारीक तारेने जोडतो. हे नकाशे त्याला बहुतेक वेळा चोरवाटेने मिळवावे लागतात. दुरुस्तीची माहिती द्या म्हणताना बोर्डचे नकाशे आणि सुटी काच या दोन गोष्टींची नावं नियमात स्पष्ट लिहिली जावीत, आणि माहिती मराठीसह भारतीय भाषांत असावी, अशी माझी मागणी आहे.

मोटारींच्या बाबतीत हा रस्ता आपण एकदा चालून आलो आहोत. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारातल्या गॅरेजना न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण तत्त्व नोंदलं गेलं. फोनलाही तेच लावता येईल.

कराचाही विचार व्हावा. नव्या फोनवर १८ टक्के जीएसटी आहे आणि दुरुस्तीच्या सेवेवरही १८ टक्केच. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च, दोनशे युरोंपर्यंत, सरकारी तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तेवढं कुणी मागत नाही. दुरुस्तीचा दर पाच टक्क्यांवर आला तरी पक्कं बिल देणारी दुकानं वाढतील आणि बसवलेल्या भागाची हमी कागदावर येईल.

तोवर फोन विकत घेण्याआधीच त्याच्या फोल्डरची आणि बॅटरीची किंमत बघून घ्यावी. काही कंपन्या भारतातही सुट्या भागांचे दर आपल्या संकेतस्थळावर देतात. ज्या देत नाहीत त्यांच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारावं. दुकानात फोन देताना पिन सांगू नये. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आहे, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’. ते सुरू केलं की कारागीर सगळं तपासू शकतो आणि फोटो, संदेश, बँकेची अ‍ॅप त्याच्यापुढे येत नाहीत. काढलेला जुना भाग परत मागावा. जुनी बॅटरी असेल तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती घंटागाडीत टाकू नये, कारण कचरा दाबणाऱ्या यंत्रात ती चिरडली की गाडीच पेटते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर ती वेगळ्या पिशवीत द्यावी, आणि फुगलेली असेल तर तिथल्या माणसाला तसं सांगून द्यावी.